बॉनेटवरच्या दोन थापा

इसाक मिस्त्रीला फोनवरून गाडी ऐकवली तरी तिचं दुखणं कळायचं. ही बढाई नाही. पाचोऱ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याने भर रस्त्यात बॉनेट उघडून मोबाइल आत धरला होता, आणि इसाकने इकडे नशिराबादला चहाचा कप हातात धरून सांगितलं होतं, "इंजिनाला काही झालेलं नाही शेठ, बेल्ट घासतोय. आरामात घरी जा." शेठ आरामात घरी गेला, आणि पुढची दहा वर्षं ज्याला त्याला हीच गोष्ट ऐकवत सुटला. जळगावात मोठमोठी चकचकीत वर्कशॉपं झाली, तरी हायवेच्या कडेच्या या पत्र्याच्या गॅरेजपुढची रांग काही हटली नाही, ती या कानामुळे.

त्याची एक रीतही होती. गाडी तयार झाली की इंजिन चालू ठेवायचं, बॉनेटवर उजवा कान टेकायचा, डोळे मिटायचे. मिनिटभर तसंच. मग सरळ उभं राहून बॉनेटवर तळहाताने दोन थापा मारायच्या. थापा पडल्या की गिऱ्हाइकाने खुशाल निघायचं. पडल्या नाहीत, तर गाडी पुन्हा आत. गिऱ्हाइकांनाही या थापांची इतकी सवय झाली होती की इंजिन सुरू असलं तरी थापा पडेपर्यंत कुणी गिअर टाकत नसे.

आता मुद्द्याचं सांगतो. गेल्या दोन वर्षांपासून इसाकला नीट ऐकू येत नव्हतं.

डावा कान जवळजवळ गेलाच होता. उजव्याला जाड आवाज कळायचे, ट्रकचा, घणाचा, अजानचा. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले. आधी वॉल्व्हची टिकटिक गेली, मग बेअरिंगची कुई गेली. चाळीस वर्षं हातोडा आणि सायलेन्सर यांच्यात घालवल्यावर आणखी काय होणार? पण हे मानेल तो इसाक कसला! टीव्हीचा आवाज वाढवायचा, आणि बायकोने, रईसाने, कमी केला की म्हणायचा, "आजकल टीवीवाले धीरे बोलते हैं." गाड्यांचं काम तो निम्मं अनुभवावर आणि निम्मं अंदाजाने निभावून नेत होता. बॉनेटवर कान टेकवणंही चालूच होतं. ऐकू काही यायचं नाही. तो मनातल्या मनात साठपर्यंत आकडे मोजायचा आणि दोन थापा मारायचा.

रईसाला सगळं ठाऊक होतं. घर गॅरेजच्या मागेच, स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजात उघडणारी. तिने एकदा दवाखान्याचा विषय काढला, तर इसाक असा काही उसळला की बस. "कानात मशीन घालून बसलेल्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणेल? उद्या बोर्डच लाव, बहिऱ्याचं गॅरेज!" रईसाने विषय मिटवला. पण ती मनातून धास्तावलेली होती. ब्रेकचं, स्टिअरिंगचं काम करणारा माणूस, आज ना उद्या कुणाच्या तरी जिवावर बेतेल, हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं.

अशात पितांबर नाना आला.

पितांबर नाना धुळ्याकडचा. जळगावात एका डाळ मिलमध्ये तीस वर्षं सुपरवायझर होता, रिटायर होऊन धुळ्याजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिला. त्याची निळी मारुती आठशे, सत्त्याण्णव सालची, इसाकशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताखालून गेली नव्हती. गावी गेल्यावरही नाना शंभर किलोमीटरहून ती इसाककडेच आणायचा. या वेळी मात्र गाडी टेम्पोवर बसून आली. इंजिन दोनदा बोअर झालेलं होतं, आता ब्लॉकलाच तडा गेला होता.

"नाना, ही आता भंगारात द्या," इसाक म्हणाला.

"भंगारमा तू जाय," नाना म्हणाला. "डबा एकदम चांगला शे. फक्त इंजन मरेल शे. नवं इंजन टाकी दे."

नव्या गाडीचं नाव काढलं की नाना खवळायचा. नव्या गाड्यांची सीट उंच, काच उतरती, पुढचं काही दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. त्याच्या बायकोचे, यशोदाबाईचे, गुडघे धरलेले होते, आणि या एका गाडीत तिला कुणी हात न देता बसता-उठता यायचं. नानाने तिच्या बाजूची सीट मागे सरकवून, खाली लाकडी फळी टाकून, तिच्या मापाची करून घेतली होती. हे तो कुणाला सांगत नसे. इसाकला ठाऊक होतं, कारण ती फळी त्यानेच बसवली होती.

आर.टी.ओ.च्या परवानगीचा कागद नानाने आधीच करून आणला होता, तेव्हा नाही म्हणायला जागाच नव्हती. भुसावळकडच्या भंगारवाल्याकडे मागून ठोकलेली एक अलीकडची छोटी गाडी उभी होती. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, कॉम्प्युटर, पेट्रोलच्या टाकीतला पंप, सगळं नानाने उचललं.

"एक सांगी ठेवस," जाताना नाना म्हणाला. "कॉम्प्युटर-बिम्प्युटर मी काही मानत नही. तू कान लावशी, तू थाप मारशी, तवयच मी गाडी लई जासू. यशोदाले लई जावानं शे."

इसाकने नकळत उजव्या कानाला हात लावला. तो हसला मात्र.

काम पंधरा दिवस चाललं. काम म्हणाल तर इसाकने मन लावून केलं, त्यात खोट काढायला जागा नाही. जुनं इंजिन बाहेर काढलं. नवं तीन सिलिंडरचंच, पण रुंदीला जास्त, म्हणून पुढची पट्टी कापून मागे-पुढे केली आणि इंजिन धरणारे माउंटिंगचे कान नव्याने वेल्डिंग केले. रेडिएटर तिरपा बसवला. वायरिंगसाठी जळगावहून भाईदास आला. पंचेचाळिशीचा, बारीक चष्मा लावणारा, गाड्यांच्या वायरिंगमध्ये जन्म काढलेला माणूस. त्याने अख्खी वायरिंग अंगणातल्या खाटेवर पसरली आणि तीन दिवस एकेक वायर बोटाने चाचपत, चिठ्ठ्या बांधत बसला. रईसा त्याला चहा द्यायची आणि म्हणायची, "भाईदासभाऊ, शेवया करताय का?"

राहिले चाकांचे शाफ्ट. आठशे ही पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी. गिअरबॉक्समधून दोन शाफ्ट निघतात आणि दोन चाकं फिरवतात. आता गिअरबॉक्स नव्या गाडीचा आणि चाकं जुन्या गाडीची, म्हणून इसाकने जळगावातल्या लेथवर दोन शाफ्ट जुळवून करून घेतले. आतलं टोक नवं, बाहेरचं जुनं. आतल्या टोकाला तारेची एक बारीक रिंग असते. शाफ्ट जोराने आत ढकलला की ती रिंग खाचेत बसते आणि "टक्" असा आवाज येतो. तो टक् आला की शाफ्ट बसला. नाही आला तर तो नुसताच टेकलेला असतो, आणि कधीतरी वळणावर, खड्ड्यात, बाहेर सरकतो. मग गाडी जाते रस्त्याच्या मर्जीने.

तो टक् इसाकने आयुष्यात हजारो वेळा ऐकला असेल. दुसरे मिस्त्री शाफ्ट ओढून खात्री करतात. इसाकने कधी ओढून बघितलं नव्हतं, त्याला त्याचा कमीपणा वाटायचा. कान असताना ओढायचं कशाला?

उजवा शाफ्ट ढकलला तेव्हा हाताला चांगला हिसका बसला. डाव्याला तसा बसला की नाही, त्याला कळलं नाही. हायवेवरून ट्रेलर चालला होता. इसाक गाडीखाली उताणा पडून क्षणभर थांबला. ओढून बघावं का? भाईदास शेजारीच बसला होता. मिस्त्री शाफ्ट ओढून बघतोय हे त्याने पाहिलं, तर जळगावात जाऊन सांगेल. "बसला," असं इसाक मोठ्याने म्हणाला आणि नट आवळायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी चालू न करताच, कुणालाही हाताशी न घेता, एकट्याने ढकलत अंगणात अर्धा गोल फिरवली आणि चुलीपाशी नाश्त्याला येऊन बसला. रईसा भाकरी थापत होती. ती त्याच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली, "गाडी मुड़ती है तो कुछ टकटक करता है. बाएँ चाक में."

"तू रोटी बना," इसाक म्हणाला.

"मैंने सुना."

"चालीस साल से गाड़ी मैं सुन रहा हूँ या तू?"

रईसाने पुढची भाकरी थापायला घेतली. खरं तर चाळीस वर्षं त्या खिडकीतून तीही गाड्याच ऐकत आली होती. आलेल्या गाडीचं दुखणं भाकरी उलटता उलटता तिला कळायचं, आणि मग बाहेर नवरा तेच सांगताना ऐकून ती मनात हसायची. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आता बोलायची सोय नव्हती. तिने भाकरी तव्यावर टाकली, जरा जास्तच जोरात.

दुपारी बाराला नाना आणि यशोदाबाई एस.टी.ने जळगावला आणि तिथून रिक्षाने नशिराबादला आले. नानाने पांढरा सदरा घातला होता. यशोदाबाईने नारळ आणला होता आणि रईसासाठी कळण्याच्या पुऱ्यांचा डबा. भाईदासने गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड दाखवणारा आपला स्कॅनर लावून ठेवला होता.

"बसा भाऊ, मारा चावी," भाईदास म्हणाला.

इसाक सीटवर बसला. अल्लाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली. आणि काहीच झालं नाही. निदान इसाकला तरी काही झाल्यासारखं वाटलं नाही. जुनं इंजिन सुरू झालं की अख्खी आठशे अंग झाडायची. इथे सीट शांत, स्टिअरिंग शांत. पेट्रोल चढलं नसेल, असा विचार करून त्याने पुन्हा चावी फिरवली.

कर्रर्र करून असा आवाज झाला की यशोदाबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. समोरच्या पंक्चरवाल्याने मान वर केली. चालू इंजिनावर स्टार्टर मारल्यावर दुसरं काय होणार? इसाकला तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला. त्याने वर पाहिलं, तर सगळे त्याच्याकडे बघत होते.

भाईदास खिडकीशी वाकला. "भाऊ, गाडी चालू आहे," तो हळूच म्हणाला. इसाकला ते ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं.

अब्रू जायची ती नानाने वाचवली. तो खदाखदा हसायला लागला. "इतलं गुपचूप इंजन! माले बी समजनं नही! अरे, हाई तं मांजर शे मांजर!" आणि हसत हसत त्याने यशोदाबाईला बसायलाही सांगितलं. ती आपली आपण बसली, कुणाचा हात न धरता, आणि फळीवर पाय ठेवून समाधानाने पदर सारखा केला. भाईदासने स्कॅनर बघून सांगितलं, "एकही फॉल्ट नाही. सगळं ओके." पण तो इसाककडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत कीव होती. इसाकला ती थोबाडीत मारल्यासारखी लागली.

नाना स्टिअरिंगवर बसला. "चाल इसाक. ऐक अन् थाप मार. दिवस बुडाना आधी घर पोचनं शे."

इसाक पुढे आला. बॉनेटवर उजवा कान टेकला. पत्रा गरम होता. डोळे मिटले. एक, दोन, तीन, तो मोजायला लागला.

बाराव्या आकड्यावर त्याचं मोजणं थांबलं. अख्खं इंजिन चालू झालेलं मला कळलं नाही, मग तो टक् मी कुठून ऐकला? ऐकला नाही. मी नुसतं "बसला" म्हणालो. आणि सकाळी रईसा म्हणाली होती, डाव्या चाकात.

पुढे पाळधी, एरंडोल, पारोळा. शंभर किलोमीटरचा रस्ता, ट्रकांची रांग, आणि नाना गाडी ऐंशीने हाणणारा. डाव्या बाजूला यशोदाबाई.

त्याने डोळे उघडले. काचेपलीकडे यशोदाबाई त्याच्याकडे बघून हसली. हात थाप मारायला उचलला गेलेला होता, तो तसाच राहिला. आता दोन थापा मारल्या, तर मिस्त्रीचं नाव राहील. कदाचित शाफ्ट बसलेलाही असेल. कदाचित. जिवाला इतकी लाज आणि इतकी भीती एकाच वेळी त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

त्याने हात खाली घेतला आणि खिडकीशी गेला.

"नाना, गाडी बंद करा. दोघं उतरा."

"काय झायं?"

"मला ऐकू येत नाही."

"इंजन गुपचूप शे म्हनीसन..."

"इंजिनाचं नाही, माझं. मला ऐकू येत नाही नाना. कान गेले माझे."

नानाने इंजिन बंद केलं. खिडकीत रईसा हातातलं पीठ न धुताच उभी होती.

"कवयपाईन?" नानाने विचारलं. इसाकला कळलं नाही. नानाने मोठ्याने, जवळजवळ ओरडून विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

नाना उतरला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "दोन वर्षं? गेल्या दिवाळीले तू ब्रेक करना, तवय बी? कान लायना, थाप मारी, अन् मी निंघनू. मनी गाडीमा यशोदा बठेल व्हती, इसाक! यशोदा!" त्याचा आवाज फाटला. "माले सांगतास तं काय मी तुले सोडी देतू?"

इसाकने मान खाली घातली. तो गाडीशी गेला, जॅक लावला, डावं चाक काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून ओढला.

शाफ्ट अलगद त्याच्या हातात आला. मागोमाग गिअर ऑइलची धार त्याच्या सदऱ्यावर, मांडीवर, मातीत. गाडीतून उतरलेली यशोदाबाई "देवा रे" म्हणून घराच्या पायरीवर बसली. नाना त्या काळ्या धारेकडे बघत राहिला. मग जवळ येऊन इसाकच्या शेजारी मातीत उकिडवा बसला, पांढऱ्या सदऱ्यासकट.

रिंग लेथवाल्याने जरा ढिली घातली होती. इसाकने ती काढून नवी, घट्ट रिंग चढवली. शाफ्ट पुन्हा तोंडाशी लावला आणि वर बघितलं.

"रईसा," त्याने हाक मारली. "बाहर आ."

रईसा पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"सुबह तूने जो सुना, सही सुना. अब सुन. टक् बोले तो बोल."

रईसा चाकाजवळ वाकली. इसाकने शाफ्टला जोर दिला. रईसाने मान हलवली, नाही. त्याने पुन्हा मागे घेऊन दणका दिला. "वाजलं!" रईसा म्हणाली, आणि त्याच वेळी पायरीवरून यशोदाबाईही म्हणाली, "वाजनं, वाजनं!" तरी इसाकने शाफ्ट ओढून बघितला. मग नानाला ओढायला लावला. मग भाईदासला. शाफ्ट तसूभर हलला नाही.

उजवाही त्याने ओढून बघितला. तो पहिल्यापासून बसलेलाच होता. ऑइल भरलं, चाक लावलं. भाईदासने गाडी अंगणात चार वेळा या बाजूला आणि चार वेळा त्या बाजूला वळवली. रईसा आधी डाव्या चाकाबरोबर चालली, मग उजव्या.

ऊन उतरायला लागलं होतं. यशोदाबाई आपल्या जागेवर बसली. नाना स्टिअरिंगवर बसला, चावी फिरवली, पण गिअर टाकेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो बसून राहिला.

"आते कोन ऐकी?" तो म्हणाला. राग अजून पुरता गेला नव्हता, पण इतक्या वर्षांची सवय तरी कुठे जाते? थाप पडल्याशिवाय त्याच्याने निघवत नव्हतं.

इसाकने रईसाकडे बघितलं. रईसा मागे सरली. "मैं?"

"तू नहीं तो कौन?" इसाक म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

रईसाने डोक्यावरची ओढणी मागे सारली आणि बॉनेटवर कान टेकला. डोळे मिटले नाहीत. ती इंजिन ऐकत होती आणि इसाककडे बघत होती. बराच वेळ ऐकलं, एक मिनिटापेक्षा जास्तच. मध्येच तिने नानाला खुणेने ॲक्सिलरेटर द्यायला लावला, सोडायला लावला, पुन्हा द्यायला लावला. मग ती सरळ झाली आणि पिठाच्या हाताने बॉनेटवर दोन थापा मारल्या. निळ्या पत्र्यावर पाचही बोटं उमटली.

नानाने पहिला गिअर टाकला. गाडी हायवेला लागली, वळली आणि जळगावच्या दिशेने दिसेनाशी झाली. इसाक गेटपाशी उभा राहून बघत होता. रईसा त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"कैसी है आवाज़?" त्याने विचारलं.

"बहुत अच्छी," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "कल दवाखाने चलेंगे. फिर तुम भी सुनना."

इसाकने या वेळी टीव्हीवाल्यांना नावं ठेवली नाहीत. "सकाळी लवकर निघू," तो म्हणाला, आणि सांडलेल्या ऑइलवर माती टाकायला फावडं घेऊन आला.